रत्नाची नखं आणि माझी कानस

दहिसर (पूर्व),
रविवार, दुपार.

प्रिय उस्ताद धोंडिराम यास,

लवू घाडीगावकरचा सप्रेम जय भीम, आणि शिवाय आमच्या पद्धतीचा नमस्कारही (एक वाटेत हरवला तर दुसरा तरी पोचेल). सुंदरावहिनींना आम्हा दोघांचा नमस्कार सांग. तुझे गुडघे कसे आहेत? कानाचं मशीन लावतोस की अजून त्याच्या डबीतच झोपलंय? मागे फोन केला तेव्हा मी जीव तोडून रत्नाच्या बोटाबद्दल सांगत होतो आणि तू शेवटपर्यंत ज्वारी कशी आली तेच सांगत राहिलास, म्हणून म्हटलं आता पत्रच टाकावं. शेळी व्याली का? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. ते खरं धरू नकोस.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच तुझा डोळा लागला तरी नुकसान नाही. रत्नाच्या उजव्या हाताचं, करंगळीशेजारच्या बोटाचं नख हिरवं पडलंय. हिरवं म्हणजे अगदी शेवाळी हिरवं. बोरिवलीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ही वर चिकटवलेली नखं सगळीच्या सगळी उतरवा, नाहीतर आतलं खरं नख मुळापासून सुटून येईल आणि परत धड उगवेल याची खात्री मी देत नाही. रत्ना म्हणाली, बघू. आता बाई 'बघू' म्हणाली म्हणजे काय, हे तुझ्यासारख्या संसारी माणसाला सांगायला नको. त्या गोष्टीला आठवडा झाला, नखं होती तिथेच आहेत. आणि ते नख हिरवं केलं कोणी विचारशील, तर तुझ्या शिष्याने. म्हणजे मी. तू ज्या हाताला कानस धरायला शिकवलीस त्याच हाताने.

तू म्हणशील, आमची रत्नाप्रभावहिनी आणि चिकटवलेली नखं? लवू, तू शुद्धीवर आहेस ना? ऐक. आमची अक्षता नखांचं काम शिकली होती हे तुला माहीत आहे. बोरिवलीच्या एका पार्लरमध्ये बसायची. तिला शारजाच्या सलूनमध्ये नोकरी लागली, दोन वर्षांचा करार. जायच्या आदल्या दिवशी सामानाची बांधाबांध सोडून तिने आईला समोर बसवलं आणि पावडर आणि एक जहाल वासाचं लिक्विड कालवून, ब्रशने थापून, दहा बोटांवर दहा नखं बांधली. अ‍ॅक्रेलिकची. त्यात पुन्हा फ्रेंच. फ्रेंच म्हणजे काय, तर खाली गुलाबी आणि टोकाला पांढरी कोर. म्हणजे देवाने दिलेलं नख जसं असतं तसंच, फक्त श्रीमंताघरचं. जन्मभर मासे साफ करून, नारळ खवून, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला बसून त्या बोटांची जी दशा झाली होती, ती तू पाहिली आहेस. रत्ना किती तरी वेळ हात लांब धरून बघत बसली. मी म्हटलं, छान आहेत. (मनात म्हटलं, आता भाकऱ्या कोण थापणार.) दुसऱ्या दिवशी पोरगी विमानात बसली आणि नखं घासायचं तिचं इलेक्ट्रिक मशीनही बॅगेत घालून घेऊन गेली. नेणारच, तिचं हत्यार आहे ते.

पण उस्ताद, नख वाढतं. हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मुळाशी स्वतःचं नख उगवत राहतं आणि वर थापलेला माल पुढे पुढे सरकतो, आणि दोन-तीन आठवड्यांत मध्ये ही एवढी पायरी पडते. ती पायरी घासून सपाट करायची, रिकाम्या जागेत नवीन माल भरायचा, पुन्हा घासायचा, याला फिल म्हणतात. ते न केल्यास जुना माल उचकटतो. अक्षता व्हिडिओवर म्हणाली, माझ्या पार्लरमध्ये किरणताई आहे, तिच्याकडे जा. रत्ना म्हणाली, परक्या बाईच्या हातात मी हात द्यायची नाही. अक्षता म्हणाली, मग काढून टाक.  रत्नाने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, तुमी फिटर ना? मग ह्यां तुमका येऊक नको?

मी त्या वेळी कुठे होतो ते सांगायला हवं. खुर्चीत. शेटने आपल्या कारखान्याचा अंधेरीचा गाळा विकला आणि आपल्याला घरी पाठवलं, तू गावाला गेलास, तुला शेत होतं, शेळ्या होत्या. मला खिडकीपाशी खुर्ची होती. समोर एक टॉवर बांधायला घेतलाय, तो कसा वर चढतो ते बघत मी बसायचो. सकाळी बसायचो ते जेवायला उठायचो, पुन्हा बसायचो. घरात काही बोलायचं म्हटलं तर काय बोलणार? रत्नाला मी आयुष्यभर गाळ्यातल्याच गोष्टी सांगितल्या आणि गाळ्यात आता काचेचं ऑफिस झालंय. तिने मला हाकलून बघितलं. ज्येष्ठ नागरिकांच्या हास्यक्लबात घातलं. तिथे सकाळी सकाळी हात वर करून सगळ्यांनी मिळून हसायचं असतं. मला काही हसू येईना. आधी त्यांनी मला समजावलं, मग मागच्या रांगेत उभं केलं, मग एका माणसाने सांगितलं की तुमच्याकडे बघून आमचंही हसू जातं, तेव्हा काही दिवस नाही आलात तरी चालेल. मी परत खुर्चीत येऊन बसलो. त्यात अक्षता गेली. मग तर मी टॉवरकडेही बघत नव्हतो, उस्ताद, नुसता त्या दिशेला तोंड करून बसत होतो.

तर 'तुमी फिटर ना' म्हटल्यावर मी उठलो. खाटेखालून हत्यारांची पेटी ओढली. (गंज चढला नव्हता, तेल लावून ठेवली होती, काळजी करू नकोस.) पहिल्यांदा हाताला लागली ती आपली बारा इंची रफ कानस. ती बघून रत्नाने दोन्ही हात काखेत घातले. मग पॉलिश पेपर काढला, त्याचा आवाज ऐकूनच तिच्या दातांना कळा आल्या. शेवटी बोरिवलीला जाऊन लिक्विड-पावडर आणि नखांची म्हणून जी कानस मिळते ती आणली. पुठ्ठ्याची पट्टी रे! दोन्ही बाजूंनी वाळू लावलेली. दुकानातली पोरगी मला म्हणाली, अंकल, इलेक्ट्रिक मशीन घ्या ना, हाताने कोण करतं आता? मी तिला सांगितलं, बाळ, मी हाताने जे घासलंय त्याच्यावर विमानातले पार्ट बसलेत. (बसले नव्हते. पंख्याचे बसले होते. पण ती कुठे बघायला येणार?)

आता चूक कुठे झाली ती तुलाच समजेल, दुसऱ्या कोणाला समजणार नाही. तूच शिकवलंस ना, की डोळ्याला सपाट दिसतं ते सपाट नसतं, निळा रंग लावून काचेवर टेकव, निळं पुसलं जाईल तिथे उंचवटा? पेटीत निळ्याची जुनी ट्यूब होती. मी रत्नाच्या दहाही नखांना निळं लावलं, काचेच्या तुकड्यावर एकेक बोट टेकवलं आणि उंचवटे शोधून घासत बसलो. काम काय झकास झालं! पायरी गायब. नखावरून बोट फिरवलं तर कळणार नाही जुना माल कुठे संपला आणि खरं नख कुठे सुरू झालं. फक्त ते निळं निघेना. साबण, रॉकेल, लिंबू, खोबरेल तेल, सगळं झालं. आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू. रत्ना बोटाने एकेकीच्या कपाळाला हळद लावते आणि हळदीत निळं मिसळून बाईच्या कपाळावर हिरवा टिळा उमटतो. पहिल्या तिघींच्या लक्षात आलं नाही. चौथी होती सोसायटीच्या सेक्रेटरीची, जयवंत राऊळची बायको, तिने घरी गेल्यावर आरशात बघितलं. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधल्या साऱ्या सवाष्णी हिरव्या कपाळाने जिना उतरत होत्या. वाट लागली नुसती. मला वाटलं आता रत्ना माझी पेटीच खिडकीतून टाकते. पण ती एवढंच म्हणाली की पुढल्या वेळी निळं नको.

पुढल्या वेळी मी हात आवळून धरायला फिक्स्चर केलं. कारण हात हलतो, उस्ताद. जॉब हलला की काम बिघडलं. एक जुना पोळपाट घेतला, त्याच्यावर पाच बोटांना पाच खाचा पाडल्या, खाचांना बनातीचं अस्तर दिलं (सोफ्याच्या उशीचं, अजून तिला कळलेलं नाही) आणि वरून पट्टी टाकून दोन्ही बाजूंना पंख असलेले नट लावले. रत्नाने आत हात घातला, मी नट आवळले, हात जागचा हलेल तर शपथ. घासून झालं, लिक्विडची बाटली उघडली आणि पावडर कालवायला घेतली. आता त्या लिक्विडचा वास कसा सांगू? आपल्या गाळ्यात थिनरचा डबा सांडला होता तो दिवस आठव आणि त्याच्यात थोडं सडकं फळ घाल. रत्नाने आधीच गॅसवर दूध ठेवलेलं. ते उतू गेलं, शेगडी विझली, मी धावत जाऊन बटण बंद केलं, तोवर दारावर धडाधड थापा. जयवंत राऊळ. सगळ्या मजल्यांवर वास येतोय, गॅस गळतोय, एक मिनिट थांबू नका, खाली चला. मी म्हणणार होतो की वास आमच्याच घरचा आहे. पण हिरव्या कपाळांची आठवण ताजी होती. 

आणि नट निघेना. घाईत आट्यावर आटा चढून जाम झाला होता. मग काय, रत्ना पोळपाटासकट खाली. सगळी बिल्डिंग कंपाउंडमध्ये उभी, म्हातारेकोतारे, पोरंबाळं, कोणाच्या अंगाला साबण, आणि त्यात आमची ही, पदराखाली एक हात लाकडात अडकलेला. कोणी विचारलं तर सांगायची की मुरगळलाय. गॅसवाला आला, घरोघरी मशीन फिरवून गेला, म्हणाला गळती कुठेच नाही, पण वास मात्र कबूल आहे. जयवंत राऊळने वही काढून प्रत्येकाला काय शिजवलं होतं ते विचारलं. मी सुकट सांगितली. (नट शेवटी घरी येऊन करवतीने कापला.) दुसऱ्या दिवसापासून शेजारणी रत्नाच्या मुरगळलेल्या हाताची चौकशी करायला शहाळी घेऊन यायला लागल्या आणि तिला आठवडाभर हात गळ्यात बांधून दार उघडावं लागलं. तरी ती रागावली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तीस वर्षांत मी टॉवेल पलंगावर टाकला म्हणून या बाईने कितीदा तरी जेवण वाढलेलं नाही, आणि आता पोळपाट अडकवून सगळ्या बिल्डिंगीसमोर उभी केली तर हूं की चूं नाही. मी आपलं समजलो, पोरीची आठवण आहे, तिच्या हातचं काम आहे, म्हणून सोसते आहे.

असं ते बसत गेलं. पायरी पडो न पडो, दर रविवारी दुपारी जेवणं झाली की मी पेपर अंथरतो, कोमट पाण्याचा वाडगा ठेवतो, चष्मा लावतो आणि तिचं एकेक बोट हातात घेतो. फिक्स्चर माळ्यावर गेलं. डाव्या हाताने बोट धरायचं आणि उजव्याने पट्टी फिरवायची, घाई केली की खालचं नख भाजतं हे मला शिकायला वेळ लागला. हे काम लोखंडासारखं दाबून होत नाही रे. ती बोलत असते. गावाकडे कोण गेलं, कोणाच्या पोरीचं जमलं, बाजारात बांगडा कसा मिळाला, काहीही. मधूनच मीही बोलतो. परवा मी तिला आपण आरेतून बसने कामावर जायचो आणि एकदा गुरं आडवी आली म्हणून आपली शिफ्ट बुडाली ती गोष्ट सांगितली. तिने ती आधी ऐकली असणारच, पण तिने शेवटपर्यंत ऐकली. दिवेलागण होते तेव्हा कुठे दहावं बोट संपतं. खरं सांगतो, उस्ताद, आठवड्यातला तो एकच दिवस मला आठवड्यातला वाटतो. बाकीचे नुसते येतात आणि जातात.

पण त्यातही सुख लागू द्यायचं नाही असं कोणीतरी ठरवलेलं आहे. एक म्हणजे ती पांढरी कोर. नख वाढलं की टोक कापावं लागतं, आणि टोकाला तर अक्षताने काढलेली पांढरी कोर. नवीन कोर काढायची तर जुना माल खोदून काढावा लागतो, ते मशीनशिवाय होत नाही आणि मला काही ती कला नाही. म्हणजे दर खेपेला मी पोरीचं काम थोडं थोडं कापतोय आणि मुळाशी माझा माल भरतोय. परवा नीट बघितलं तर पांढरं म्हणून दोऱ्याएवढंसुद्धा उरलेलं नाही. सगळ्या बोटांवर आता माझंच काम, जाडजूड आणि थोडं पिवळट. मी रत्नाला दाखवलं, बघ, अक्षताचं काही राहिलं नाही यात. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, होय काय, आणि दुसरा हात पुढे केला.

दुसरं म्हणजे हे हिरवं. त्या बोटाचा माल एका कडेने सुटला होता, खाली बारीक फट. अक्षताने बजावलं होतं, सुटलेला भाग घासून पूर्ण काढायचा, मगच भरायचं. पण फिटरला फट दिसली की त्याचा हात थांबत नाही. मी वरून माल भरून बुजवली. आत पाणी राहिलं, भांड्याचं, माशांचं, आणि ते आतल्या आत कुजलं. आठवडाभर मला वाटत होतं की निळ्याचा डाग राहिलाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे काम केलं कोणी? कुठल्या पार्लरचं नाव? रत्ना म्हणाली, घरगुती आहे. मी खिडकीबाहेर बघत होतो. खाली आल्यावर मी तिला म्हटलं, काढून टाकू या आजच. ती म्हणाली, बघू. पुन्हा म्हटलं, नख जाईल गो तुझं. ती म्हणाली, रवीवार येऊ दे, मग बघू. आज रविवार आहे. पेपर अंथरलाय, ती आत भांडी आवरते आहे, आणि माझा धीर होत नाही. आज घासू की नको, हे मला कळत नाही.

म्हणून तुला विनंती अशी, की शेटने जाताना तुला दिलेला बारीक सुई-कानसांचा संच तुझ्याकडे असेल तर तो कुरियरने पाठव. त्यातली अर्धगोल असेल तर फक्त त्या एका बोटाचा हिरवा भाग मोकळा करता येईल आणि बाकीची नखं राखता येतील असं माझं मत आहे. रत्नाचीही तीच इच्छा दिसते. वेळ लावू नकोस. वहिनींनी गुडघ्यांना तेल चोळून दिलं तर नको म्हणू नकोस. शेळीचं कळव.

तुझा,
लवू

ता. क. कानसा पाठवू नकोस. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात अक्षताचा फोन आला. रत्ना आत होती म्हणून मीच घेतला आणि हिरव्या नखाची रडकथा सांगून म्हटलं, तूच समजाव आईला, तुझी आठवण म्हणून ती सोडायला तयार नाही.  पोरगी म्हणाली, "बाबा, आईने पहिल्याच महिन्यात मला विचारलं होतं कशी काढायची. तिला लसूण सोलता येत नव्हता, कोलंबी सोलता येत नव्हती, डोकं खाजवता येत नव्हतं. मी सगळं सांगितलं. मग दोन दिवसांनी म्हणाली, राहू दे, तुझे बाबा खुर्चीतून उठलेत." मी फोन ठेवून आत गेलो. ती रात्रीसाठी भाकरी थापत होती. बोटं सगळी वर उचललेली, नुसत्या तळव्याने. एवढे महिने माझ्यासमोर ती अशीच थापत असणार आणि मी तिच्या हातची भाकरी जाड होते म्हणून कुरकुर करत होतो. मला फार वाईट वाटलं, उस्ताद. मी पाणी पिऊन बाहेर आलो. आज डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि पेपर गुंडाळून ठेवला.

ता. क. २. तेव्हा खरी विनंती ही आहे. सुंदरावहिनींना सांग की त्यांनी रत्नाला फोन करावा आणि दटावून ती नखं काढायला लावावीत. वहिनींचा शब्द ती मोडणार नाही. मीच का सांगत नाही म्हणशील, तर मी जोर करून 'काढ' म्हटलं की तिला वाटेल, झालं, हा परत खुर्चीत जाणार. आणि मला हे कळलंय असं तिला कळलं तर ती लाजेल. तिकडे ती बोट गमावेल पण मला परत खुर्चीत बसू देणार नाही, इकडे मी तोंड उघडणार नाही. दोघांचा आटा चढलाय. तिसऱ्या माणसाशिवाय नट निघायचा नाही. माझं नाव मात्र मध्ये येता कामा नये.

ता. क. ३. बुधवार. वहिनींना फोन करायला सांगू नकोस. दोन दिवस पोस्टात गेलोच नाही आणि काल त्या बोटातून पू यायला लागला, मग मला राहवेना. मी रत्नाला सांगितलं की ते लिक्विड बाजारातून बंद झालं, दुकानवाली म्हणाली आता मिळणारच नाही. (भरलेली बाटली पेटीत रफ कानसेखाली आहे.) रत्नाने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, बरा. अ‍ॅसिटोनमध्ये कापूस भिजवून बोटांना बांधला, माल मऊ पडला आणि एकेक निघून आला. हिरवं नख निघालं नाही, पण अर्धं सुटलंय. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलंय, म्हणाल्या वाचेल बहुतेक, आकार मात्र वेडावाकडा येईल. बाकीची नखं आत कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ झालीत, नुसता वारा लागला तरी झोंबतात. रत्नाने हात धुतले आणि लसूण घेऊन बसली. मी गुपचूप जाऊन खुर्चीत बसलो. टॉवरला आता काचा लागल्यात.

थोड्या वेळाने ती आली. हातात रविवारचा तोच पेपर, कोमट पाण्याचा वाडगा. पेपर अंथरला, माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "टाचो फुटल्यो माज्यो. बघा, काय जमता तर." आणि तिने आपला पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. उस्ताद, लग्न झाल्यापासून या बाईचा पाय झोपेत चुकून मला लागला तरी ती उठून माझ्या पाया पडून मग पुन्हा झोपते. तुला माहीत आहे आमची घरं कशी असतात ते. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. मला रडू आलं. आलं ते आलं, लपवून काय करू?

तर टाचेला कितव्या नंबरची कानस लागते ते तेवढं वहिनींना विचारून लगेच कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मी नुसता पाय धरून बसलोय.